मिळकतकराचं बिल भिंतीवर लावा

पेठेतल्या एका शाळेत भरलेलं नागरिकशास्त्राचं प्रदर्शन पाहून आलो. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार त्या शाळेबद्दल नाहीच. असली प्रदर्शनं सगळीकडे अशीच असतात. थर्माकोलची संसद (थर्माकोलच्या सजावटीला राज्यात 2018 पासून बंदी आहे, ते सोडा), घटनेची उद्देशिका, राष्ट्रपतींचे अधिकार आणि त्यानंतर थेट 'थुंकू नका', 'कचरा टाकू नका'. वर एकदम दिल्ली, खाली एकदम पिचकारी. मधली महापालिका कुठे गेली?

आणि हे पुण्यात! ज्या गावाच्या पालिकेत जोतीराव फुले 1876 पासून सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायची टूम निघाली, तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती 1886 मध्ये झाली, नाव पडलं रे मार्केट, आणि पुढे त्याच इमारतीला आपण फुल्यांचं नाव दिलं! त्याच मंडईत आपण कोथिंबिरीवरून घासाघीस करतो. सरकारनियुक्त सभासदांनी भरलेल्या पालिकेत एक माणूस खर्चाला 'नाही' म्हणतो, यापेक्षा चांगलं नागरिकशास्त्र कुठल्या तक्त्यात बसणार? पण प्रदर्शनात फुले होते ते फक्त हार घातलेल्या फोटोत.

दुसरी गोष्ट ताजी आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकच अंदाजपत्रक मांडणार, प्रशासकच मंजूर करणार. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं घटनेच्या 74व्या दुरुस्तीने सांगून ठेवलंय. तीच घटना जिच्या उद्देशिकेला मुलांनी इतकी सुंदर महिरप काढली होती. पाचवीतली पोरं या काळात नववीत गेली. नगरसेवक म्हणजे फ्लेक्सवरचे काका, एवढीच त्यांची समजूत असली तर दोष कोणाचा? मोठ्यांचंही फार बरं नाही म्हणा. चार जणांचा प्रभाग, त्यामुळे चार मतं द्यायची, हे कित्येकांना मतदान केंद्रावर कळलं.

मुलांना कर्तव्यं शिकवायला हरकत नाही. पण फक्त कर्तव्यंच शिकवली की तयार होतो तो आज्ञाधारक माणूस. नागरिकाला हिशेब विचारता आला पाहिजे.

म्हणून एक मागणी. पुढच्या वेळी घरचं मिळकतकराचं बिल भिंतभर मोठं करून लावा. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, वृक्षकर, अग्निशामक कर: प्रत्येक ओळीसमोर मुलांनी आपल्या प्रभागात त्यातलं काय दिसतं ते लिहावं. स्वतः राहत्या घराला मिळणारी 40 टक्के सवलत आणि तिच्यासाठीचा पीटी-3 अर्जही शेजारी लावा, पालक आपोआप गर्दी करतील. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात 2006 पासून आहे. त्या अर्जांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवा आणि मुलांना तो तिथेच भरू द्या. शाळेसमोरचा फुटपाथ, बंद पडलेला दिवा, काय हवं ते लिहू देत. मग शिक्षकांनी तो गठ्ठा क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नये.