मोठ्या मायचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर होता

आज सकाळी घरच्या ग्रुपवर बापूने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले, ‘ताई, मोठ्या मायची कानबाईची डिस्क मोबाइलवर घेतली, आता सगळ्यांना पाहता येईल.’ पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आल्याबरोबर मी तो उघडला. मोठी माय, म्हणजे आमची आजी, पाटाशेजारी बसलेली आहे, टाळी वाजवते आहे, तिचे ओठ हलत आहेत, आणि ऐकू काय येते आहे, तर सनई. मी पुढे सरकवून पाहिले, मागे सरकवून पाहिले. बावन्न मिनिटे नुसती सनई. गाणाऱ्या बाईचा आवाज पुसून तिच्या हलत्या ओठांवर भाड्याची सनई घातलेला तो व्हिडिओ पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि पाठोपाठ इतका संताप आला की दुसऱ्या तासाला मी मुलांवर विनाकारण ओरडले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१२ च्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, अमळनेरजवळच्या आमच्या गावी कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसली तेव्हा पुण्या-सुरतेकडचे सगळे भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणासाठी, जमले होते. मोठी माय तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, आणि रात्रभराच्या जागरणात गाणी सुरू करून देणारी तीच होती. बाकीच्या बायका मागून उचलून धरत. आम्ही शूटिंगवाला बोलावला. त्याच्याकडे हाय डेफिनेशन कॅमेरा होता, आणि माझ्या आग्रहावरून त्याने पाटाशेजारी, दिव्याच्या उजेडात, एक छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवला. पुढे महिनाभराने त्याने ब्ल्यू-रे डिस्क तयार करून आणली, तेव्हा नुसती गाणी लोकांना कंटाळवाणी वाटतात म्हणून त्याने वरून सनई चढवली होती. मी त्याच्याशी वाद घातला. शेवटी असे ठरले की पहिल्या ट्रॅकवर त्याची सनई राहील आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्डरमधला मूळ आवाज, काहीही न मिसळता. पुढची कितीतरी वर्षे आम्ही ती डिस्क लावली की रिमोटवरचे ऑडिओचे बटण एकदा दाबायचो, सनई थांबायची आणि मोठी माय गायला लागायची. मोठी माय गेली, मग प्लेअर बिघडला, आणि डिस्क गावी बापूच्या कपाटात राहिली.

बापूने ती तालुक्याच्या गावी एका दुकानात दिली. दुकानदाराने तीनशे रुपये घेतले आणि साठ एमबीची एक फाइल हातात ठेवली. त्या डिस्कवर सोळा जीबीचा ऐवज होता. सोळा जीबीचे साठ एमबी करताना त्या माणसाला एकदाही विचारावेसे वाटले नाही की यात आवाज एकच आहे की दोन? ऐंशी मिनिटांची डिस्क बावन्न मिनिटांत का संपली? सोमवारची विसर्जनाची मिरवणूक त्यात नाहीच, आणि मोठ्या मायने डोक्यावर कानबाई घेतलेली दृश्ये त्या मिरवणुकीतच आहेत.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच की काढणे वेगळे आणि बदलणे वेगळे. डिस्कवरचे चित्र आणि आवाज आहेत तसे, एकही आकडा न बदलता उतरवून घेणे हे पहिले काम. त्यानंतर फोनसाठी, टीव्हीसाठी त्याच्या हव्या तेवढ्या लहान प्रती कराव्यात. आपल्याकडची दुकाने पहिले काम करतच नाहीत, थेट दुसऱ्यावर उडी घेतात, आणि वर ‘आता डिस्क काय कामाची’ म्हणतात. बापूलाही तसेच सांगितले. ते ऐकून त्याने डिस्क फेकली असती तर? नुसत्या विचाराने आत्ताही हात थरथरतात.

दुपारी सुटी टाकून मी गावी गेले, डिस्क घेतली, एका मित्राची ब्ल्यू-रे ड्राइव्ह मागून आणली आणि संध्याकाळी धुळ्याला घरी येऊन लॅपटॉपला जोडली. डिस्क उघडली की बीडीएमव्ही नावाचे फोल्डर दिसते. त्यात स्ट्रीम या फोल्डरमध्ये एम-टू-टी-एस प्रकारच्या मोठ्या फाइली असतात, आणि चित्र, आवाज, सबटायटल हे सगळे त्यांत एकत्र विणलेले असते. कोणत्या फाइलीनंतर कोणती चालवायची हे प्लेलिस्ट या फोल्डरमधल्या छोट्या फाइली सांगतात. आमच्या डिस्कवर मोठ्या फाइली दोन होत्या, एक बावन्न मिनिटांची आणि दुसरी अठ्ठावीस मिनिटांची. म्हणजे दुकानदाराने सगळ्यांत मोठी दिसली ती फाइल ओढली, प्रोग्रॅमात टाकली आणि बटण दाबले. प्लेलिस्ट उघडली असती तर दोन्ही भाग आपोआप एकापाठोपाठ आले असते. आणि काहीच सांगितले नाही तर बहुतेक प्रोग्रॅम एकच ऑडिओ ट्रॅक उचलतात, तोही सहसा पहिला, म्हणून त्याच्या हाताला सनई लागली. त्याने मुद्दाम केले नाही, हे मला कळते. पण लोकांच्या घरातली गेलेली माणसे ज्याच्या हाती येतात, त्याने पाहायला नको का?

मी टीएसमक्सर या मोफत प्रोग्रॅममध्ये प्लेलिस्टची फाइल उघडली आणि त्याने यादी समोर ठेवली. चित्र एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याचा एक प्रकार), १९२० बाय १०८०, इंटरलेस्ड (म्हणजे काय ते पुढे सांगते). पहिला आवाज एसी-३, म्हणजे दाबलेला, १९२ किलोबिट. दुसरा आवाज एलपीसीएम, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. ती तिसरी ओळ वाचली आणि मी खुर्चीत मागे टेकले. एलपीसीएम म्हणजे काहीही न दाबलेला, न गाळलेला आवाज, सेकंदाला १५३६ किलोबिट. त्या रात्री पाटाशेजारच्या रेकॉर्डरने जे टिपले होते ते सगळे तिथे जसेच्या तसे होते, आणि दुकानातून आलेल्या फाइलीत चित्र आणि सनई दोन्ही मिळून सेकंदाला दीडशे किलोबिटांच्या आसपास उरले होते.

चित्रपटांच्या विकत घेतलेल्या ब्ल्यू-रेवर प्रत काढता येऊ नये म्हणून एएसीएस नावाचे कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणे हा आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ प्रमाणे २०१२ पासून गुन्हा आहे, हे मान्य. पण मी बोलते आहे ती आपल्याच घरची, आपणच पैसे देऊन करून घेतलेली डिस्क, आणि तिच्यावर कुलूप कसलेच नाही.

ट्रॅक वेगळे काढायला अर्धा तास लागला, कारण त्यात नवे काही घडवायचे नसते, फक्त उतरवायचे असते; ड्राइव्ह जितक्या वेगाने वाचेल तितकाच वेळ. चित्र मी मुळीच बदलले नाही. दुसऱ्या ट्रॅकची नऊशे एमबीहून मोठी वेव्ह फाइल निघाली. ब्ल्यू-रेवर एलपीसीएमच्या बाइटांचा क्रम वेव्हमधल्या क्रमापेक्षा उलटा असतो, म्हणून तेवढी उलथापालथ होते, पण आवाजाचा एकही आकडा बदलत नाही. मग त्या वेव्हचे फ्लॅक केले. फ्लॅकमध्ये फाइल निम्म्याच्या आसपास येते आणि उलगडली की सगळे आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपी-३ मध्ये तसे होत नाही, त्यात जे टाकून दिले ते कायमचे गेले. शेवटी एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने चित्र, दुसरा ट्रॅक आणि पहिली सनईसुद्धा (तीही त्या डिस्कचीच आहे) एका एमकेव्ही फाइलीत बसवली, आणि मूळ आवाजाला पहिला क्रमांक दिला. ट्रॅक वेगळे करून पुन्हा जोडले की कधी कधी आवाज किंचित पुढेमागे होतो, म्हणून जिथे मोठी माय टाळी वाजवते तिथे थांबून पाहिले. तळहात भेटतात त्याच क्षणी टाळी ऐकू येते.

ती टाळी मी किती वेळा ऐकली ते सांगत नाही.

दुकानातल्या फाइलीत त्याच ठिकाणी काय झाले आहे तेही पाहिले. आपल्याकडचे असे कॅमेरे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे टिपत, एकदा सम ओळी, एकदा विषम ओळी, यालाच इंटरलेस्ड म्हणतात. आकार लहान करण्याआधी या अर्ध्या चित्रांची नीट जुळणी केली नाही, तर हलणाऱ्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. मोठ्या मायच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांची त्या फाइलीत नुसती फणी झाली आहे. हात खाली आला तरी बांगड्यांच्या रेघा हवेत मागे राहतात. फोनसाठी मी जी प्रत केली, तिच्यात आधी डीइंटरलेस, म्हणजे ही जुळणी, करून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रे घेतली, मग आकार कमी केला आणि आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारात बदलला. तीही प्रत लहानच आहे, पण तिच्यात बांगड्या बांगड्यांसारख्या दिसतात. फोनला सोळा जीबी पेलत नाहीत आणि सगळ्यांना लहान फाइलच हवी असते, हे मी नाकारत नाही. लहान प्रत करण्याबद्दल माझी तक्रार नाही, मोठी न ठेवता लहान करण्याबद्दल आहे.

इथवर लिहिले आणि बापूचा फोन आला. सकाळी मी त्याला जरा जास्तच बोलले होते, त्यामुळे तो गप्प गप्पच होता. मग म्हणाला, ‘ताई, माले काय माहीत, दोन आवाज ऱ्हातस म्हनून?’ खरेच, त्याला कसे ठाऊक असणार? डिस्क आणली तेव्हा तो पोटासाठी वापीला होता, रिमोटचे ते बटण दाबताना त्याने आम्हाला कधी पाहिलेच नाही. आपल्या पोरांना पणजी दिसावी म्हणून पदरचे तीनशे रुपये घालून त्याने ते करून आणले, आणि मी त्याला ‘अक्कल गहाण ठेवली होती का’ म्हणाले. बापू, हे सगळ्यांसमोर लिहिते, माझे चुकले. मी स्पीकर लॅपटॉपला जोडला आणि फोन त्याच्याजवळ धरला. पहिले गाणे संपता संपता मोठी माय मध्येच थांबते आणि ‘पोरे जेवनात का?’ (पोरे जेवली का?) असे कुणाला तरी विचारते. मागून कुणीतरी ‘जेवनात’ म्हणते, आणि ती पुढचे कडवे उचलते. सनईच्या ट्रॅकवर हे कुठेच नाही. बापू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘जेवनात’ म्हणणारी आपली धाकटी काकू आहे. माझ्या हे इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते. काकूही आता नाही.

म्हणून परत रागच येतो. आपल्या खान्देशात घरोघरी अशा डिस्क पडून आहेत. लग्नाच्या, कानबाईच्या, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यांच्या, अहिराणीत गाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. आपण ती गाणी लिहून ठेवली नाहीत, ती त्या बायकांच्या गळ्यात होती आणि नंतर या चकत्यांवर आली. नव्या लॅपटॉपांना डिस्कची ड्राइव्ह नसते, सोनीने तर कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणे फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केले. घरी लिहिलेल्या पुष्कळशा डिस्कमध्ये रासायनिक रंगाचा थर असतो, आणि तो उन्हाने, उष्णतेने, ओलाव्याने खराब होतो. आपल्याकडचा मे महिना त्यांना काय करत असेल ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी जो कुणी ‘कन्व्हर्ट करून मिळेल’ अशी पाटी लावतो, त्याला निदान एवढे तरी विचारा की डिस्कवर किती ट्रॅक आहेत ते पाहिले का, एकूण वेळ डिस्कवरच्या वेळेशी जुळते का, आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर जशीच्या तशी देणार का. कपाळाला आठ्या घातल्या, तर डिस्क घेऊन परत या. माझ्याकडे ड्राइव्ह पुढचा महिनाभर आहे, रविवारी मी घरीच असते, कुणीही या, पैशाचा प्रश्नच नाही.

एमकेव्ही फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतल्या आहेत, एक माझ्याकडे राहील आणि एक बापूकडे. ग्रुपवर फोनची नवी प्रत टाकली आहे, जुनी कृपा करून सगळ्यांनी काढून टाका.

फोन ठेवता ठेवता बापूने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच कपाटात काकूच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या, आणि दादर ज्वारी कणसात आल्यावर पाखरे हाकलायला म्हणून वहिनीने त्या सुतळीने बांधून शेतात टांगल्या आहेत. पंधरा दिवस झाले, दिवसभर ऊन त्यांच्यावरच. तो आत्ता बॅटरी घेऊन त्या उतरवायला शेतात गेला आहे. मी त्याला सांगितले आहे की पुसू नकोस, चोळू नकोस, मऊ फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळ आणि उद्याच्या पहिल्या एसटीने घेऊन ये. फार आशा नाही, पण ड्राइव्ह जोडूनच ठेवली आहे.