फेस येतो, मळ तसाच राहतो

दिवाळी तोंडावर आली की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं: साफसफाईसाठी बाजारातलं काही आणू नका. एक वाटी व्हिनेगर घ्या, त्यात दोन चमचे खायचा सोडा टाका, फसफसलं की स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. ओटा, फरशी, नळ, पितळेची भांडी, तेलकट जाळी, तुंबलेलं सिंक, सगळ्याला हेच एक औषध. डाग हट्टी असला तर वरून अर्धं लिंबू घासा. 99 टक्के जंतू मरतात. सगळं स्वयंपाकघरातलं आणि नैसर्गिक, त्यामुळे अपाय काही नाही. शेवटी कुणीतरी आपल्या पदरची एक ओळ जोडलेली: टॉयलेटसाठी यातच थोडं ब्लीच मिसळा, आणखी चकचकीत होईल.

ही शेवटची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे आणि श्रम वाया जातील. या ओळीने माणूस दवाखान्यात पोचू शकतो. मी पुण्यात फरशी पॉलिशची कामं घेतो. धंदा वडिलांचा, त्याआधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेलं. त्यामुळे या मेसेजचे परिणाम मला दरवर्षी दिवाळीनंतर लोकांच्या ओट्यांवर आणि फरश्यांवर बघायला मिळतात.

आधी मुख्य मिश्रणाचं बघू. व्हिनेगर म्हणजे पाण्यात सुमारे 4 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल. खायचा सोडा सौम्य अल्कली. दोघांचेही काही उपयोग आहेत, पण ते वेगवेगळे असतानाच. एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. हिशेब करून बघा. वाटीभर, म्हणजे दीडशे मिलीलीटर व्हिनेगरमध्ये साधारण 6 ग्रॅम आम्ल असतं. ते पूर्ण संपवायला लागतो साडेआठ ग्रॅमच्या आसपास सोडा, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे. मेसेजमधलं प्रमाण हे नेमकं दोन्ही गोष्टी निकामी करणारं प्रमाण आहे. फसफसणं थांबल्यावर वाटीत उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या मिठाचं पाणी. त्याने ना क्षार निघतो, ना तेल. फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड, प्यायच्या सोड्याच्या बाटलीत असतो तोच.

आणि तो थोडाथोडका नसतो. एवढ्या मिश्रणातून जवळजवळ अडीच लिटर वायू सुटतो. फसफस पूर्ण थांबायच्या आत कुणी हे बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं, तर तो वायू जाणार कुठे? बाटली फुगते, कधी झाकण उडतं, आणि आंबट पाणी डोळ्यांत जातं.

मग लोक म्हणतात, "अहो, पण आमचा ओटा खरंच स्वच्छ झाला!" झाला असेल. न विरघळलेल्या सोड्याचे कण बारीक घासणीचं काम करतात, आणि फेस बघून हुरूप आलेला माणूस नेहमीपेक्षा दुप्पट जोर लावतो. नुसत्या ओल्या फडक्याने तेवढंच घासलं असतं तरी बराच मळ निघाला असता.

आता ओटा आणि फरशी, म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा, मोरीत आणि गॅलरीत शहाबादी, हॉलमध्ये मोझॅक. कडप्पा येतो आंध्रातल्या कडप्पा भागातून, शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादजवळून, आणि दोन्ही आहेत चुनखडीचे दगड. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा. या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि आम्ल ते खातं. व्हिनेगर असो, लिंबू असो, नाहीतर चिंचेचं पाणी, दगडाला काही फरक पडत नाही.

गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका काकूंनी ओटा बघायला बोलावलं. गॅसच्या उजवीकडे काळ्याभोर कडप्प्यावर रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, फिकट राखाडी रंगाची गोल खूण. रात्री पन्ह्यासारखं काहीतरी केलं होतं, अर्धं लिंबू कापलेल्या बाजूने ओट्यावर पालथं राहिलं. सकाळी उचललं तर हा डाग. काकूंनी त्यावर सोडा घासला, मग व्हिनेगर, मग पुन्हा लिंबूच. मी बोट फिरवलं. आजूबाजूचा दगड काचेसारखा गुळगुळीत, आणि त्या गोलात मात्र बारीक खरखर. ओलं फडकं फिरवलं तर डाग गायब. काकू खूश झाल्या. दोन मिनिटांत पाणी वाळलं आणि तो होता तसा परत उमटला. तो डाग नव्हताच. तिथलं पॉलिश खाल्लं गेलं होतं, आणि गेलेलं पॉलिश घासून परत येत नाही, दगड पुन्हा घोटावा लागतो. काकू जेवढं घासत होत्या तेवढी ती जागा मोठी होत होती.

इथे मला नेहमी विचारतात की तुम्ही पॉलिशवाले नाही का ऑक्झॅलिक पावडर वापरत, तेही आम्लच ना? वापरतो. पण ऑक्झॅलिकचं कॅल्शियमशी जे संयुग बनतं ते पाण्यात विरघळत नाही, दगडावर पातळ थर धरून राहतं, आणि आम्ही ते मशीनच्या पॅडखाली, मोजून, शेवटच्या हाताला वापरतो. व्हिनेगरचं तसं नाही. त्याचं कॅल्शियमशी बनलेलं संयुग पाण्यात विरघळून वाहून जातं, मागे राहतो खड्डा.

तुमचा ओटा कशाचा आहे हे माहीत नसेल तर सिलेंडरमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसून वाळू द्या. तिथली चकाकी गेली तर समजा, या दगडाला आंबट चालत नाही. ग्रॅनाइट सहसा टिकतो. व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही, पण दोन टाइलमधल्या सांध्यात सिमेंट असतं आणि ते हळूहळू झिजतं. कडप्पा, शहाबादी, मोझॅक, संगमरवर यांना रोज कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड टाकून पुसायचं, नंतर साध्या पाण्याचा हात. एवढंच त्यांना लागतं.

नळांच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या जाळीत पांढरा पोपडा धरतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल ओट्याला वैरी, तेच इथे कामाचं. फक्त सोडा घालू नका, नुसतं व्हिनेगर घ्या. जुनं फडकं त्यात भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, रबरबँड लावा, अर्ध्या तासाने फडकं काढा. पोपडा ओल्या खडूसारखा मऊ झालेला असतो, जुन्या टूथब्रशने निघतो. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा खराब होतो. आणि थेंब खाली कडप्प्यावर पडणार असतील तर आधी तिथे बादली ठेवा.

पितळ आणि तांब्याबद्दल आपल्या आज्यांना मेसेजची गरज कधीच नव्हती. चिंच, कोकमाची सालं, लिंबू आणि मीठ यांनी समई आणि घंगाळ उजळतं, कारण वरचा काळपट-हिरवा थर आम्लात विरघळतो. मिठाने ते काम लवकर होतं. यात सोडा घातला की चिंचेचा आंबटपणाच मरतो. कल्हई केलेल्या भांड्यांना मात्र आतून चिंच-रांगोळी लावून खसाखसा घासू नका, ती कल्हई पातळ असते.

तेलकट जाळी आणि एक्झॉस्ट फॅनवरचा तो मेणचट पिवळा थर व्हिनेगरने जात नाही. तेलाला आम्ल नको, अल्कली आणि साबण हवा. पूर्वी चुलीतल्या राखेने भांडी घासायचे ते याच कारणाने, राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. आज किराणा दुकानात मिळतो तो धुण्याचा सोडा. खायच्या सोड्याहून तो कितीतरी तिखट आहे, म्हणून हातमोजे घालूनच. बादलीभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि थोडं लिक्विड, त्यात जाळी अर्धा तास बुडवून ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी होतं. जाळी स्टीलची असेल तरच हं. अ‍ॅल्युमिनियम या सोड्याने काळं पडतं आणि खाल्लं जातं, तिथे नुसतं गरम पाणी आणि लिक्विड.

तुंबलेल्या सिंकमध्ये सोडा-व्हिनेगर ओतलं की गडगड आवाज येतो आणि काहीतरी होतंय असं वाटतं. वायूला वर जायला मोकळं तोंड आहे, तो खाली जोर का लावेल? आत अडकलेलं असतं साय, तूप, भाताची शितं, चहाचा चोथा. त्यातलं काहीही या पाण्यात विरघळत नाही. सिंकखाली बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅपचा खालचा वाटीसारखा भाग हाताने फिरवून काढा. घाण वास येईल, पण दहा मिनिटांत काम होतं. पाइप पीव्हीसीचा असेल तर उकळतं पाणी ओतू नका, तो मऊ पडून वाकतो.

राहिले जंतू. व्हिनेगरने काही जंतू मरतात, पण घरात आजारी माणूस असताना ज्यावर विसंबावं असं ते जंतुनाशक नाही. सोडा घातल्यावर तर उरलंसुरलं आम्लही गेलं. रोजच्या स्वच्छतेला जंतू मारायची गरज नसते, साबण आणि पाण्याने ते मळाबरोबर निघून जातात. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा मात्र आधी साबणाने धुऊन मग सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच, वापरावं. बाटलीवर 4 ते 5 टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग ब्लीचला 40 ते 50 भाग थंड पाणी. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, खिडकी उघडी ठेवून. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही.

नैसर्गिक म्हणाल, तर घरातली व्हिनेगरची बाटली उचलून बघा. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पांढऱ्या बाटल्यांवर "सिंथेटिक" असं छापलेलं असतं. ते कारखान्यातल्या अ‍ॅसिटिक आम्लात पाणी घालून केलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, नळ त्यानेही तितकाच साफ होतो. पण मग नैसर्गिक म्हणून निर्धास्त राहायचं कारणही उरत नाही. सालं आंबवून घरी करतात त्या बायोएन्झाइमचंही हेच. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने. ते मनापासून करणारी खूप माणसं मी बघितली आहेत आणि सालं कचऱ्यात जात नाहीत हे मला फार आवडतं. पण तयार होतं ते आंबलेलं, सौम्य आम्लाचं पाणी. मोझॅकवर ते रोज पुसलंत तर वर्षा-दोन वर्षांत मला फोन कराल. आणि आंबताना यातही वायू साचतो, म्हणून पहिला महिनाभर झाकण रोज सैल करत जा, काचेची बरणी तर वापरूच नका.

आता ती शेवटची ओळ. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबू, बाजारातलं टॉयलेट क्लीनर, टाइलचं अ‍ॅसिड, काहीही. टाकीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरचंही तेच. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी खंदकांवर सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तळाशी साचतो, आणि संडास घासणारा माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी एका घरी मोजमाप घेत असताना आतून खोकल्याची ढास ऐकू आली. तिथे काम करणाऱ्या मावशी चार बाय पाचच्या संडासात होत्या. टॉयलेट क्लीनर ओतून झाल्यावर पांढरेपणा यावा म्हणून त्यांनी वरून ब्लीच ओतलं होतं, आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दारही लोटून घेतलं होतं. दार उघडलं तर माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना हाताला धरून जिन्यात आणलं, खिडक्या उघडल्या, दवाखान्यात नेलं. चार दिवस त्यांचा आवाज बसला होता. त्यांना दोष कसा देणार? दोन्ही बाटल्या घरच्यांनीच आणून दिल्या होत्या. दोन्ही एकत्र करू नका एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

असं कधी झालं तर आत जाऊन पाणी ओतत बसू नका. आधी माणूस बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, छाती दाटली असेल तर लगेच डॉक्टरांकडे. आणि हा मेसेज तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवला त्यांना ही एक ओळ काढायला सांगा. त्यांच्याही मनात चांगलंच असतं, ते ऐकतात. मी चारही ग्रुपवर सांगितलं, तिघांनी काढली.

माझ्या घरी या बाटल्या आता दोन ठिकाणी असतात. ओल्या हातांनी लेबलं निघून जातात, म्हणून आईने मानेला दोरे बांधले आहेत. लाल दोरा म्हणजे आंबट: व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, टाइलचं अ‍ॅसिड. ही सगळी मोरीतल्या फळीवर. पांढरा दोरा फक्त ब्लीचला, आणि ते गॅलरीतल्या कपाटात, कुलुपात. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना आईने पहिल्याच दिवशी दोन्ही दोरे दाखवून सांगितलं, एका दिवशी एकाच रंगाची बाटली काढायची.