‘वाट्या दहा वर्षांत परत बदलाव्याच लागतात’ : या मेसेजमधलं काय चुकलंय

गुडघेदुखीवरचा एक मेसेज सध्या कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपपासून भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: वाट्या बदलल्या, म्हणजे गुडघा बदलला, की दहा वर्षांत परत ऑपरेशन ठरलेलंच, ते टाळायचं तर सोनेरी गुडघा बसवा, तो तीस वर्षं टिकतो, ऑपरेशननंतर जिना आणि चालणं कमी करा, जखमेतून पाणी आलं तर मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स घ्या, बरं होतं. यातला शेवटचा सल्ला पाय कायमचा अधू करू शकतो, म्हणून हे उत्तर.

आधी दहा वर्षांचं. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेला हिशोब सांगतो की पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. दहा वर्षांची भीती जुन्या काळातली आहे. बदललेल्या गुडघ्यात धातूच्या दोन भागांमधे प्लास्टिकची पांढरी चकती असते. पूर्वी ती हवेच्या संपर्कात गामा किरणांनी निर्जंतुक करत, त्यामुळे ती ठिसूळ होऊन लवकर झिजे. झिजलेल्या कणांमुळे भोवतीचं हाड पोखरलं जाई आणि गुडघा सैल पडे. नव्वदच्या दशकात ही पद्धत मागे पडली. या भीतीत तथ्य एवढंच, की वय महत्त्वाचं आहे. ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार सत्तरीनंतर गुडघा बदलला तर पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती आयुष्यभरात ३५ टक्क्यांपर्यंत जाते.

सोनेरी रंग टायटॅनियम नायोबियम नायट्राइडच्या मुलाम्याचा असतो. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो. त्यामुळे गुडघा जास्त वर्षं टिकतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि झिजणारी चकती तर त्यातही प्लास्टिकचीच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये होती. वरच्या आकडेवारीतले बहुतेक गुडघे याच धातूचे. कर्ज काढून सोनेरी गुडघा घेण्याआधी सर्जनला दोन गोष्टी विचारा: वर्षाला असे किती गुडघे करता, आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे काढून हाड कापण्याचे कोन ठरवता का? पाय वाकडा बसला, किंवा सरळ आणि दुमडलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा, ताण सारखा राहिला नाही, तर चकती एकाच बाजूने घासते आणि गुडघा डगमगतो.

चालणं आणि जिना कमी करायचा नाही, वाढवायचा. मांडीचा पुढचा स्नायू बारीक झाला की माणूस पडतो, आणि पडल्यावर रोपणाच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम गुडघ्याच्या, काठाशी हाड मोडतं. उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा, म्हणजे पाय पूर्ण सरळ होतो. उकिडवं बसणं मात्र टाळा. न्हाणीतल्या शेवाळलेल्या फरशीवर रबरी चटई आणि भिंतीला दांडी हवी.

आता जखमेतलं पाणी. ऑपरेशननंतर दोनतीन दिवस ड्रेसिंगवर थोडा डाग पडणं चालतं. पाचव्या-सातव्या दिवशीही कापसावर ओला डाग उमटत असेल, तर तो वाळायची वाट बघू नका. जिवाणू धातूवर चिकट थर बनवतात आणि त्या थरात गोळ्या धड पोचत नाहीत. गोळ्यांनी ताप उतरतो, पाणी थांबतं, घरचे निर्धास्त होतात, आणि आत थर पक्का होत जातो. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा उघडून धुतला, फक्त चकती बदलली आणि योग्य औषध दिलं, तर धातूचे भाग बऱ्याचदा वाचतात. उशीर झाला की सगळं काढावं लागतं. मग औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा, कित्येक आठवडे औषधं आणि नंतर आणखी एक मोठं ऑपरेशन. शिवाय गोळ्या आधी घेतल्या तर गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत जिवाणू सापडत नाही. मग साधारण दोन आठवडे औषध बंद ठेवून पाणी परत काढावं लागतं. म्हणून एकही गोळी न घेता थेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा.

जंतुसंसर्ग रोखण्याचं निम्मं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी साडेसात-आठच्या खाली आणा. तंबाखू आणि मिश्री किमान चार आठवडे आधी सोडा. मिश्री दाताला लावतो म्हणून ती यात धरायची नाही असं बऱ्याच बायकांना वाटतं. निकोटिन तिच्यातही असतं आणि त्याने जखमेचा रक्तपुरवठा आखडतो. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने जाऊ द्या, आणि घेतल्याचं लपवू नका. किडलेले दात आधी उरका. पावसाळ्यातल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, उसाच्या पाचटाने चिरलेल्या पोटऱ्या पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

ही काळजी पुढेही सुटत नाही. आठ वर्षं छान चाललेला गुडघा एका दिवसात गरम होऊन सुजला, तर पायाच्या जखमेतले जिवाणू रक्तातून तिथे पोचलेले असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

आणि गुडघा दुखतोय म्हणून लगेच परत बदलायला तयार होऊ नका. दुखणं खुब्यातून किंवा कंबरेतूनही येतं. उभ्याने एक्स-रे, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडल्यास गुडघ्यातल्या पाण्याची तपासणी करून कारण सापडलं, तरच दुसऱ्या ऑपरेशनचा उपयोग होतो. त्या वेळी पहिल्या ऑपरेशनची फाइल लागते. रोपणाच्या खोक्यावरचे कंपनी, साइज आणि बॅच नंबर असलेले स्टिकर तिच्यात चिकटवलेले हवेत. डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. ते असले तर नुसती चकती झिजलेल्या गुडघ्यात मापाची नवी चकती मागवता येते, आणि चांगले बसलेले धातूचे भाग काढायची वेळ येत नाही.