चोरी करा, पण छप्पर पाहून

गेल्या दिवाळीत तुम्ही सुपरमार्केटमधून अर्धा किलो बदाम पिशवीच्या तळाशी सरकवलेत (सरकवलेत असा आरोप आहे, असं म्हणू) आणि पैसे दिलेत फक्त कोथिंबिरीच्या जुडीचे. आता आषाढ लागला. रोज रात्री चार-चार भिजवून ते बदाम तुम्ही चिरंजीवांना खाऊ घातलेत. चिरंजीवांचे पाढे सुधारले की नाही कोण जाणे, पण स्मरणशक्ती वाढली ती पोलीस स्टेशनची. दारात एक हवालदार उभा आहे आणि त्याच्या हातात तुमचाच फोटो आहे. डोक्यावरून थोडा वरून काढलेला, टक्कल स्पष्ट दिसणारा.

तर पुढच्या वेळेसाठी चार शब्द.

तुमचं चुकलं ते बदामात नव्हे, कोथिंबिरीत. नुसत्या चोराला शोधायला पोलिसांना घाम फुटतो. जो निम्मा चोर आणि निम्मा ग्राहक असतो, तो मात्र स्वतःचा पत्ता स्वतःच लिहून देतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘सर, नंबर सांगता? पॉइंट जमा होतील.’ तुम्ही दहाही आकडे खणखणीत आवाजात सांगितलेत. पैसे यूपीआयने दिलेत. गाडी दुकानाच्याच पार्किंगमध्ये लावलीत. पुढे दुकानात स्टॉक मोजणी झाली, पाकिटं कमी भरली आणि मॅनेजर कॅमेऱ्यासमोर बसला. बिलावर तारीख असते, मिनिटासकट वेळ असते. त्या मिनिटाला त्या काउंटरवर कोण उभं होतं ते पडद्यावर दिसतं, आणि त्याचा नंबर संगणकात. बाकी तपास म्हणजे रिक्षाने तुमच्या सोसायटीपर्यंत येणं.

‘पण फुटेज तर महिनाभरात पुसलं जातं ना?’ पुसलं जातं, कोणी पाहिलं नाही तर. मॅनेजरने ते वेळेत पेनड्राइव्हवर घेतलं. नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे त्याला रीतसर प्रमाणपत्र जोडायचं, प्रमाणपत्रात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जरा फेरफार झाला तरी बदलणारा तिचा अंगठ्याचा ठसाच, लिहायची. तुमच्या लग्नाच्या व्हिडिओची एवढी बडदास्त कोणी ठेवली नसेल.

आता मुख्य सल्ला, आणि हा जरा नीट वाचा. चोरी करण्यापूर्वी वस्तूकडे नव्हे, वस्तूच्या वरती पाहा. छप्पर आहे का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३०३ वं कलम आहे. माल पाच हजारांच्या आतला, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. (तरतूद शहाणपणाची आहे, हे थट्टा बाजूला ठेवून सांगतो.) पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पण तीच वस्तू माल ठेवण्याच्या इमारतीतून उचललीत की ३०५ वं कलम लावता येतं. ते दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तिथे पाच हजारांची सवलत नाही, समाजसेवा नाही. आणि खटल्याची मुदत? एक वर्षाहून जास्त आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला तीन वर्षांच्या आतच घेता येते. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला कालमर्यादाच नाही. तेव्हा हवालदार आठ महिन्यांनी आला म्हणून कुरकुर करू नका. चिरंजीव इंजिनीअर झाल्यावरही तो येऊ शकतो.

म्हणून यापुढे चोरी करायचीच तर नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींची करा. त्यांच्या डोक्यावर निळं प्लास्टिक आहे, आणि त्याला इमारत म्हणायला कोणी धजावणार नाही. गोणपाटाखालचे आठशे रुपये उचला. मावशी पोलीस स्टेशनला जातील, तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील, कागदाची प्रत देतील आणि ‘कोर्टात जा’ म्हणून सांगतील. कोर्टात जायचं तर एक दिवस गाडी बंद ठेवायची, म्हणजे आणखी आठशे गेले. त्या जाणार नाहीत. ज्या दुकानाला अर्धा किलो बदामांचं नुकसान हिशेबात आधीच धरता येतं, त्याच्यासाठी सात वर्षांचं कलम. जिचं त्या दिवसाचं सगळं गेलं, तिच्यासाठी पावती. चोराने कायद्याचा असा अभ्यास केला पाहिजे.

पोलिसांवर चिडू नका, त्यांच्या जागी बसून पाहा. टेबलावर गठ्ठा आहे. मंगळसूत्र ओढून नेणारी बिननंबरची मोटारसायकल. पेन्शनरचे पैसे चार खात्यांतून फिरून तिसऱ्या राज्यात पोचलेले. आणि एक फाइल, जिच्यात आरोपीचा फोटो, मोबाइल, गाडीचा नंबर आणि आवडती भाजी, सगळं लावून ठेवलेलं. महिन्याच्या क्राइम मीटिंगला मंगळसूत्राचा गुन्हा उघड झाला तर आकडा एक, बदामाचा झाला तरी एकच. तुम्ही कोणती फाइल उघडाल?

आता व्यवहाराचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटकेऐवजी हजर राहायला सांगणारी, नोटीस आली असेल तर घाबरून गावाला पळू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावून ठेवलंय. बोलावलेल्या तारखेला गेलात तर बहुधा घरी जेवायला याल. पळालात तर मात्र नेऊन बसवतील.

घरची झडती होणार असेल तर स्वयंपाकघर आवरून ठेवा. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे आणि ते मॅजिस्ट्रेटकडे जातं. डाळीच्या डब्यातले पोरकिडे कोर्टाने पाहावेत अशी तुमची इच्छा नसेल. मुद्देमाल पचून गेला, हे सांगायला लाजू नका. फक्त रिकामं पाकीट असेल तर द्या. पंचनाम्यात काहीतरी जप्त झालेलं दिसलं की साहेबांना बरं वाटतं, पंचांनाही सही करायला आधार मिळतो.

आणि स्टेशनात गेलाच आहात तर दोन वर्षांपूर्वी लोकलमध्ये कोणीतरी मारलेल्या तुमच्या मोबाइलचं काय झालं, तेही विचारून घ्या. साहेब तुम्हाला बसायला सांगतील, चहा मागवतील आणि विचारतील, ‘त्याचं बिल आहे का तुमच्याकडे?’