अमेरिकेतून फोन आणताय ना, मग त्याचं कुलूप तिथंच काढून आणा

गणपती जवळ आले की माझ्या दुकानात दोन प्रकारचे फोन जास्त येतात, एक पाण्यात पडलेले आणि दुसरे परदेशातून आलेले. पाण्यात पडलेल्याचं काहीतरी तरी करता येतं.

परदेशातला म्हणजे बहुतेक अमेरिकेतला. दुबई, कतार, कुवेतवाल्यांचे फोन सहसा सरळ चालतात, सिम टाकलं की रेंज आली, फारतर दुबईच्या आयफोनवर फेसटाइम नाही म्हणून कुणीतरी कुरकुरतं. पण अमेरिकेतला भाचा, पुतण्या, झिल (आमच्याकडे मुलाला झिल म्हणतात) यायचा असला की तो आपला जुना फोन आईला नाहीतर काकाला देतो, चांगला भारीतला फोन असतो, कव्हर घालून, पुसून वगैरे, आणि हा निघून गेला की चार दिवसांनी काकू माझ्या काउंटरवर. "बाबू, झिलान फोन दिल्यान, पण ह्येच्यात माझा कार्ड चलना नाय, जरा उघडून दी." मी सिम टाकून बघतो, स्क्रीनवर येतं सिम नॉट सपोर्टेड. मग काकूंना समजवायचं की काकू, हा फोन बिघडलेला नाही, ह्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही, तिकडच्या कंपनीकडे आहे. त्यांचा चेहरा असा होतो की मीच किल्ली लपवलीय.

लोक कुलूप म्हणजे सगळं एकच समजतात म्हणून सांगतो. पॅटर्न विसरला हे वेगळं. गूगलचं किंवा आयक्लाउडचं खातं अडकलंय हे वेगळं, आणि त्यातल्या आयक्लाउडच्या भानगडीत मी पडतच नाही, बिल आणा, मालकाला आणा, नाहीतर फोन घेऊन जा. नेटवर्क लॉक हे तिसरंच. प्रत्येक सिममध्ये देशाचा आणि कंपनीचा आकडा असतो, भारताचे ४०४ आणि ४०५ ने सुरू होतात, अमेरिकेचे ३१० वगैरे. लॉक असलेला फोन तो आकडा वाचतो, आपल्या यादीत नसला की दार बंद. आतलं मशीन तेच, रेडिओ तोच, एवढी एक यादी आडवी आलेली असते. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये जाऊन खाली कॅरियर लॉक बघा, नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं असेल तर मोकळा. हे बघायला एक मिनिट लागतं आणि ते मिनिट कुणीच विमानात बसायच्या आधी काढत नाही!

आता कंपन्या असं का करतात तर तिकडे फोन बहुतेक कंपनीकडूनच घ्यायचा, हप्त्यावर, नाहीतर स्वस्तात आणि वर प्लॅनचा करार. माणूस फोन घेऊन दुसऱ्याकडे पळाला तर आमचे पैसे बुडाले, म्हणून कुलूप. ठीक आहे, हप्ते चालू असताना मला ते पटतं. पण हप्ते फिटले, बिल चुकतं झालं, त्यानंतर कुलूप राहतं कशाला? तिकडे तर एक काळ असा होता की कंपनीला न विचारता नवा फोन अनलॉक करणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग, २६ जानेवारी २०१३ पासून. आपण इथे झेंडावंदन करत होतो तेव्हा तिकडे स्वतःच्या फोनचं स्वातंत्र्य गेलं. मग लोक चिडले, व्हाइट हाउसच्या साइटवर एक लाखाच्या वर सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी नवीन कायद्यावर सही केली, परत मोकळीक. कंपन्यांनीही कबूल केलं की पैसे फिटलेले फोन आम्ही मागितल्यावर सोडू. मागितल्यावर, हे नीट वाचा. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकणंच बंद केलं, इंग्लंडने डिसेंबर २०२१ पासून, जपाननेही त्याच वर्षी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अजून अर्ज करा.

तर मुद्दा हा की तो अर्ज ज्याच्या नावावर खातं होतं त्यानेच करायचा, आणि तिथून करायचा. फुकट असतो. आयफोन असेल तर कंपनी होकार देते, ॲपलकडे नोंद बदलते, फोन वायफायला लावला की सुटतो. अँड्रॉइडला कुठे कोड येतो, कुठे फोनमध्येच ॲप असतं. काकूंचा झिल परत गेला, नंबर बदलला, कंपनी बदलली, जुन्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही, आता रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर मी, काकू आणि तो. तिकडच्या कस्टमर केअरने त्याला फिरवून फिरवून शेवटी सांगितलं एक हप्ता बाकी दिसतोय. तो म्हणतो मी भरलाय. फोन अजून कपाटात आहे, काकू त्यावर वायफायने भजनं ऐकतात.

मग जुगाड येतात. सिमच्या खाली ठेवायची पातळ चिप मिळते, ती फोनला फसवते की हे तिकडचंच कार्ड आहे. मी विकत नाही. चालते तोवर चालते, एक अपडेट आला की बंद, आणि माणूस शिव्या मला घालतो. ऑनलाइन कोड देतो म्हणून पैसे मागणारे आहेत, त्यांना आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, आणि पैसे दोन्ही देऊन बसलेले लोक मी बघितलेत. आलेला चुकीचा कोड परत परत मारला की काही फोन कायमचे अडकतात. आणि कुणी म्हणालं आयएमईआय बदलून देतो, तर तिथून निघा. अनलॉक करणं हा गुन्हा नाही पण आयएमईआयशी खेळणं हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय.

पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटेल एवढं काय त्यात, एक सिम नाही चाललं तर नाही. बाबांनो, आमच्याकडे या मालवणात. सड्यावर एका कंपनीची फुल रेंज, खाली खाडीच्या वाडीत उतरलात की तीच कंपनी गायब आणि तिथे दुसरीचं काहीतरी लुकलुकतं, देवळाच्या मागे तिसरीच. माणसं इथे हौस म्हणून दोन सिम ठेवत नाहीत, एक घरासाठी असतं आणि एक बाजारासाठी. होडीवाले तर किनाऱ्यापासून आत कुठपर्यंत कुठलं चालतं ते तोंडपाठ सांगतात. तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे २०२१, लाइट गेली, टॉवर गेले, आणि मग एकेक कंपनी वेगवेगळ्या दिवशी परत आली, तेव्हा जी आधी आली तिचं कार्ड शेजारपाजारच्यांनी एकमेकांत फिरवलं, मुंबईला फोन केले की आम्ही बरे आहोत, घरावर माड पडलाय पण बरे आहोत. एका कंपनीला बांधलेला फोन असल्या दिवशी नुसता टॉर्च.

आणि नुसतं कुलूप काढून भागत नाही हेही सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्यांना सिमची पट्टीच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं. म्हणजे शेजाऱ्याचं कार्ड घेऊन आपल्या फोनात घालायचा प्रश्नच मिटला. शिवाय तिकडच्या स्वस्तातल्या काही अँड्रॉइडमध्ये आपल्याकडे वापरतात तो ४० नंबरचा बँड, म्हणजे फोरजीच्या लहरींचा पट्टा, नसतो. आणि व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय. जिओला टूजी थ्रीजी नाहीच, त्यामुळे फोनमध्ये आपल्याकडचं व्होएलटीई चाललं नाही तर नेट चालतं आणि कॉल जात नाही, असले फोन घेऊन लोक येतात आणि म्हणतात अनलॉक आहे तरी का नाही. म्हणून मॉडेल नंबर आधी पाठवा, मग बॅगेत भरा.

तसं बघितलं तर आपण सुखी आहोत. आपल्याकडे कंपन्यांनी फोन स्वस्तात द्यायची पद्धत फारशी रुजलीच नाही, पूर्ण पैसे मोजा आणि कुठलंही कार्ड घाला. अपवाद आहेतच. २००३ मध्ये रिलायन्सचा ५०१ रुपयांचा फोन आला, गावात धमाल उडाली, पण तो सीडीएमए, कार्ड घालायची सोयच नाही, कंपनी सोडली की फोनही सोडला. २०१७ चा जिओफोन, दीड हजार डिपॉझिट, त्यात जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. पण तो फोन ज्यांनी घेतला त्यांना ते माहीत होतं आणि त्या पैशात त्यांना दुसरं काय मिळत होतं? आणि जानेवारी २०११ पासून नंबरही आपला झाला, १९०० ला मेसेज टाका, कोड येतो, कंपनी बदला. फोन मोकळा, नंबर मोकळा.

आणि म्हणूनच मला भीती वाटते ती आता हप्त्याच्या कुलपाची. ईएमआयवर फोन घेतला की काही फायनान्सवाले त्यात एक ॲप टाकायचे, हप्ता चुकला की अख्खा फोन बंद. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे थांबवायला सांगितलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात बातमी आली की परत परवानगी द्यायचा विचार चाललाय, ग्राहकाची आधी संमती घेऊन वगैरे. संमती! काउंटरवर कोण वाचतं, मीच बोट ठेवून सांगतो इथे सही करा. आता आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशाकडे पैसा येणार कुठून, हप्ता चुकणार तो तेव्हाच, आणि फोन बंद पडणार तोही तेव्हाच, भर पावसात, ज्या फोनवर वादळाचा इशारा येतो आणि ज्यातून उसने पैसे जीपेवर येतात. कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. सिबिलला, म्हणजे कर्जाच्या नोंदवहीत, नाव लावा, माणूस पाठवा, नोटीस काढा, सगळं करा. पण अमेरिकेतल्या कंपनीने निदान फोन बंद तरी केला नाही, दुसरं कार्ड चालू दिलं नाही एवढंच, काकूंची भजनं चालू आहेत.

मी सध्या असं करतो की मे महिन्यात कोणी खलाशी हप्त्यावर फोन घ्यायला आला तर फायनान्सवाल्या पोराला त्याच्यासमोरच विचारतो, ह्यात लॉकवालं ॲप पडणार का. तो हो म्हणाला, किंवा नुसता इकडे तिकडे बघायला लागला, तर गिऱ्हाइकाला सांगतो नारळी पौर्णिमेनंतर ये, तोवर जुन्याची बॅटरी बदलून देतो. धंदा जातो. फायनान्सवाला पोरगा हल्ली माझ्याकडे चहा पण घेत नाही.