पिम्लिकोची रेशनकार्डं

रविवारी शेखरकडे सगळ्यांनी मिळून ‘पासपोर्ट टू पिम्लिको’ हा जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा पाहिला आणि सोमवारी संध्याकाळी शरद शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आला तो भांडायच्या तयारीनेच. सिनेमाची गोष्ट अशी: युद्धानंतरच्या लंडनमध्ये पिम्लिकोतल्या एका गल्लीत जमिनीखाली खजिना आणि जुनी सनद सापडते. सनदेप्रमाणे गल्ली इंग्लंडची नाहीच, बर्गंडी या जुन्या युरोपीय राज्याची ठरते आणि रेशनसकट ब्रिटिश कायदे तिथे लागू होत नाहीत.

“सरकारविरोधी सिनेमा आहे,” बूड टेकायच्या आत त्याने निकाल दिला. “कूपनं फाडली, ओळखपत्रं फाडली, पब रात्रभर उघडा! सरकार बाजूला झालं की माणूस कसा फुलतो बघ. १९४९ साली हे दाखवायला छाती लागते.”

शरदला कुठल्याही सिनेमात सरकारच दिसतं. नातवाच्या बालनाट्यातल्या अस्वलातही त्याला परमिट राज दिसलं होतं आणि ते त्याने शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना नाटक चालू असतानाच समजावून सांगितलं होतं.

विदुला शेंगा सोलत होती. “आणि पुढे काय झालं, ते कोण सांगणार?”

“काय झालं?”

“लंडनभरचे काळाबाजारवाले त्या गल्लीत उतरले. पाय ठेवायला जागा उरली नाही. गल्लीतले सरकारकडे गेले तर सरकार म्हणतं, तो परदेश, आमची हद्द नाही. तुझा फुललेला माणूस दोन दिवसांत पोलिसाला शोधत फिरत होता, शरद.”

विदुलाने शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीत पस्तीस वर्षं काढली आहेत. रेशन हा शब्द तिच्यासमोर जपून वापरावा.

शेखरचा अभ्यास नेहमीप्रमाणे तयार होता. युद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये पावावर रेशन नव्हतं. युद्ध जिंकल्यावर १९४६ मध्ये ते आलं आणि १९४८ पर्यंत राहिलं. मांसावरचं सुटायला १९५४ चा जुलै उजाडला. “जिंकलेल्या माणसाला पाव मोजून! कपड्यांची कूपनं सिनेमा आला त्याच वर्षी, १९४९ च्या मार्चमध्ये बंद झाली, म्हणून तर सुरुवातीलाच त्यांना पुष्पचक्र वाहिलंय. तेव्हा थिएटरात काय हशा झाला असेल!”

“तेच म्हणतोय मी!” शरद.

“तू ते म्हणत नाहीयेस,” विदुला म्हणाली.

मला वेगळंच बोलायचं होतं. बर्गंडीची सनद, जमिनीखालचा खजिना हे सगळं नंतर येतं. त्याआधी पेंबर्टन नावाचा एक साधा दुकानदार आहे. बॉम्बने उजाड झालेल्या जागेवर गल्लीतल्या मुलांसाठी पोहायचा तलाव व्हावा म्हणून त्याने छोटा नमुना बनवलाय. किती जपतो तो त्याला! आणि कौन्सिलला ती जागा विकायची आहे. मला सिनेमा तिथेच कळतो. आमच्या पाठीमागे मैदानात अंधार पडला तरी पोरं खेळत होती, बॉल दिसत नव्हता, नुसते आवाज येत होते. जागा पोरांची की पैशांची, हे भांडण मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. टी. ई. बी. क्लार्कने पटकथेत त्या तलावाला आधी जागा दिली, याबद्दल मला त्याचे पाय धरावेसे वाटतात.

“तलावबिलाव गौण आहे,” शरद म्हणाला. “मुख्य काय, तर नाकेबंदी. काटेरी तारा लावल्या, पाणी तोडलं. सरकार असंच असतं.”

“रशियाने बर्लिनची कोंडी केली होती रे तेव्हा,” शेखर म्हणाला. “विमानातून माल उतरत होता. म्हणून तर हेलिकॉप्टरमधून नळीने दूध आणि पॅराशूटने डुक्कर!”

डुक्कर म्हटल्यावर शरदसुद्धा हसला. विदुलाने मात्र हातातली शेंग खाली ठेवली.

“त्याच्या आधी काय होतं? आतल्यांनी रात्री चोरून पाणी आणलं, पण तळघरात पाणी शिरून धान्यच नासलं. संपलं सगळं. मग तारेपलीकडची माणसं खाऊ फेकायला लागतात. ती माणसं कोण होती, शरद? ती स्वतः रेशनवर होती. तारेवरून आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी कार्डातून कमी झालेली होती.”

हे मात्र आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. तो प्रसंग मी चार वेळा पाहिलाय, दर वेळी गलबलून आलंय; का, ते सोमवारी कळलं.

शरद चिवट. “आणि शेवटी काय? पुन्हा तीच रेशनकार्डं हातात घेतली. हार झाली ना!”

“हार? कार्ड घेताना त्यांचे चेहरे बघ. आणि पेंबर्टनची बायको काय म्हणते? आम्ही इंग्लिश आहोत म्हणूनच बर्गंडियन व्हायचा हक्क सोडत नाही. त्यांना कुठे जायचंच नव्हतं, रे. माझ्या खिडकीशी नव्या सुना यायच्या, कार्डावर नाव चढवायला. नाव चढलं की त्या ते बोटाने वाचायच्या. साखर किती मिळणार, हे नंतर विचारायच्या.”

“साखरेवरून आठवलं,” शेखर म्हणाला आणि शरदने लगेच चष्मा पुसायला घेतला. “याच्या लग्नाला जादा साखरेचं परमिट विदुलाच्याच ऑफिसातून निघालं होतं ना? मग बासुंदी अगोड कशी?”

“अगोड नव्हती! दूध जास्त झालं होतं!”

“दूध? तेव्हा? आरेच्या एका कार्डावर?”

“शेजाऱ्यांनी आपापल्या बाटल्या दिल्या होत्या,” शरद बोलून गेला.

विदुला नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेखर कट्ट्यावरून घसरायचाच बाकी होता. “तारेवरून फेकल्या का रे?” त्याने विचारलं, आणि मग कुणालाच काही बोलता येईना. शरद स्वतः डोळे पुसत होता.

हसू ओसरल्यावर तो उठला आणि कुणाला न विचारता चार भेळी घेऊन आला.

“माझ्यात गोड चटणी जास्त घातलीस ना?” विदुलाने विचारलं.

“परमिट दाखव,” शरद म्हणाला आणि सगळ्यात मोठा पुडा तिच्या हातात दिला.