पितळी कोपरे दिसले म्हणून कॅम्पेन चेस्ट खरी ठरत नाही

जुन्या फर्निचरच्या शौकिनांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: ‘कॅम्पेन चेस्ट म्हणजे ब्रिटिश अधिकारी लढाईवर नेत ती खणांची पेटी. पितळी कोपरे आणि लाकडात बुडवलेल्या मुठी दिसल्या की डोळे झाकून घ्या. कुलपावर व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) असेल तर थेट राणीच्या फौजेचा माल. भरीव सागवान आणि पितळ, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या काही होत नाही. घासूनपुसून लखलखीत करा, किंमत वाढतच जाणार.’

वाचायला झकास आहे. पण यावर भिस्त ठेवून कुणी खरेदीला निघालं तर त्याच्या गळ्यात काहीही मारता येईल. कारण ही वस्तू ज्यावरून ओळखायची ती गोष्टच या मजकुरात नाही. कॅम्पेन चेस्ट मोडून नेण्यासाठी आणि पुन्हा जोडण्यासाठी बनवलेली असते. पितळ त्या कामासाठी आलं, शोभेसाठी नाही.

‘लढाईवरून आलेली असते’

काही आलेल्या असतात. सगळ्या नाही, आणि तुमच्यासमोर असलेली तर बहुधा नाहीच.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत या फर्निचरचा जमाना होता. अधिकाऱ्याला तंबूतलं सामान सरकार पुरवत नसे, ते त्याने पदरच्या पैशाने घ्यायचं. त्यातून लंडनमध्ये हिल अँड मिलर्ड, एस. डब्ल्यू. सिल्व्हर आणि डब्लिनमध्ये रॉस अँड कंपनी अशा पेढ्या नावारूपाला आल्या. पण त्यांचं गिऱ्हाईक फक्त लष्करी नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात जहाजावर केबिन मिळे ती बहुतेक रिकामीच. पलंग, टेबल, खणांची पेटी ज्याची त्याने न्यायची. मुलकी अधिकारी, व्यापारी, मिशनरी, मळेवाले आणि त्यांची कुटुंबं हेच सामान घेत. १८६९मध्ये सुएझ कालवा सुरू होण्याआधी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या या पेट्यांपैकी अनेकींनी पाहिलेलं सर्वांत मोठं रणकंदन म्हणजे केप ऑफ गुड होपजवळचं वादळ.

सैन्याबरोबर असं सामान जायचंच नाही, असं मला म्हणायचं नाही. १८३८-३९च्या अफगाण मोहिमेत सैन्याच्या मागे सुमारे ३०,००० उंट आणि सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त नोकरचाकर चालले होते. अधिकाऱ्यांचा घरसंसार वाहून नेण्यात त्यातले बरेच गुंतलेले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) चपळ शत्रूपुढे हा सगळा लवाजमा अंगाशी आला आणि पुढे पहिल्या महायुद्धात, खंदकांच्या लढाईत, त्याला जागाच उरली नाही.

विक्रेता मोहिमेचं नाव घेऊन गोष्ट सांगायला लागला की मी आधी तारखा जुळवून बघतो. अधिकाऱ्यांना सामान विकणारी आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी १८७१ची. तिची मुंबईतली शाखा १८९०च्या दशकातली. तेव्हा तिची पट्टी लावलेली चेस्ट १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईवरून येऊ शकत नाही, मग सांगणारा कितीही छातीठोकपणे सांगो. तीच गत ‘१८५७च्या धामधुमीतल्या’ रूडकी खुर्चीची. रूडकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या तळावरून नाव पडलेली ती सुटी होणारी खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आली.

‘पितळी कोपरे म्हणजे अस्सल’

या एका वाक्याने सर्वांत जास्त लोक फसतात.

पितळी कोपरे बाजारात सुटे मिळतात, बुडीत मुठीही मिळतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटन-अमेरिकेत या शैलीच्या नकला कारखान्यांतून ढिगाने निघाल्या. त्यातल्या चांगल्या नकला चांगलं फर्निचर म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त दाम नकलेचा द्यावा. खरा घोटाळा असतो तो साध्या जुन्या चेस्टला नंतर पितळ चढवून ‘मिलिटरी’ केलेल्या मालाचा. त्यात लाकूड खरोखर जुनं असतं, सांधे जुने असतात, वासही जुना येतो. त्यामुळे बघणारा चकतो.

एका व्यापाऱ्याकडे असाच एक सुरेख नग पाहिला होता. बाहेरून खोट काढायला जागा नव्हती. मी खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या दर्शनी फळीची आतली बाजू उजेडाकडे धरली. प्रत्येक मुठीच्या मागे बोटाच्या जाडीची एकेक गोल बुच, वेगळ्या लाकडाची, रंग मारून दडवलेली. म्हणजे त्या जागी आधी लाकडी गोल मुठी होत्या; त्या काढून, भोकं बुजवून, वरून पितळी मुठी बसवल्या होत्या. पुढून ती भोकं पितळाखाली झाकली गेली, पण खणाच्या आत हात घालून कोण बघतो? व्यापारी म्हणाला, ‘दुरुस्ती झालीये थोडी.’ थोडी!

म्हणून दर्शनी बाजू शेवटी बघावी. आधी वरचा भाग उचलून बाजूला ठेवायला सांगा. खरी चेस्ट सहसा दोन भागांत सुटते. अनेक नकलांमध्ये मधली फट नुसती कोरलेली असते आणि आत सगळं एकसंध. दोन भाग खरेच वेगळे झाले तर खालच्या भागाचा माथा बघा. तो कधी कुणाला दिसणार नव्हता, त्यामुळे तो बहुधा बिनपॉलिशचा, नुसता रंधलेला असतो. तिथे चकचकीत पॉलिश असेल तर का, हे विचारायला हवं. दोन भाग एकमेकांवर बसवणाऱ्या खुंट्या आणि त्यांची भोकं जुळतात का, तेही तपासा, कारण एका चेस्टचा वरचा भाग आणि दुसरीचा खालचा असं लग्न लावून देणारे महाभाग या धंद्यात आहेत. वरच्या आणि खालच्या खणांचे डव्हटेल सांधे (पाचरीसारखे दात एकमेकांत गुंतवून केलेले कोपऱ्याचे सांधे) शेजारी ठेवून बघितले की हात एकाच सुताराचा आहे की नाही ते कळतं. हाताने कापलेले डव्हटेल थोडे कमी-जास्त असतात, आणि सांध्याच्या मुळाशी सुताराने ओढलेली आखणीची बारीक रेघ बहुतेकदा अजून दिसते.

मग पाय. ते आट्यांचे असतात, फिरवून काढायचे. प्रवासात खणात टाकायचे आणि म्हणूनच बऱ्याचदा हरवलेले असायचे. नंतर बसवलेले पाय ही काही भयंकर गोष्ट नाही, पण ती किमतीत दिसायला हवी.

पितळाकडे यायचंच तर कड बघा. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आकसतं, पितळ आकसत नाही. शंभर-दीडशे वर्षांनंतर पट्टीची कड कुठेतरी नखाला लागतेच. सगळं आरशासारखं सपाट असेल तर पट्टी नवी आहे किंवा चेस्ट नुकतीच घासलेली आहे. आणि स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच दिसली तर तो स्क्रू १९३०च्या दशकाआधीचा नाही. एखादा असा स्क्रू दुरुस्तीत आलेला असू शकतो. सगळेच तसे असतील तर विषय संपला.

उलट बाजूनेही चूक होते. ‘दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या नाहीत, म्हणजे खोटी’ असं म्हणून लोक चांगला नग सोडून येतात. अनेक चेस्ट प्रवासात बाहेरच्या लाकडी खोक्यात भरल्या जात. उचलायचं ते खोकं. चेस्टला कड्या असण्याचं कारणच नव्हतं.

‘व्ही. आर. म्हणजे राणीचा माल’

नाही. मुकुट, व्ही. आर. आणि ‘पेटंट’ असा ठसा त्या काळच्या असंख्य साध्या कुलपांवर आहे. त्यावरून फार तर कुलूप व्हिक्टोरियाच्या राजवटीतलं, म्हणजे १८३७ ते १९०१मधलं, एवढं म्हणता येईल, आणि कुलूप बदलता येतं. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण असायची. अधिकाऱ्याची चेस्ट ही त्याची खासगी मालमत्ता, तिच्यावर ती खूण नसणंच स्वाभाविक.

नावाची पितळी पट्टी असेल तर मात्र थोडे कष्ट घ्यावेत. हार्ट यांच्या आर्मी लिस्ट १८३९पासून छापल्या जात होत्या. त्यात अधिकारी, हुद्दा, पलटण सापडते. पण नाव यादीत सापडलं म्हणून पट्टी खरी ठरत नाही, कारण तीच यादी खोटी पट्टी कोरणाऱ्यालाही उघडता येते. कोरीव अक्षरांच्या कडा वर्षानुवर्षांच्या पुसण्याने बोथट झाल्यात का, ते भिंगातून बघा. अक्षरं धारदार आणि आजूबाजूचं पितळ झिजलेलं, हे एकत्र नांदत नाही.

‘सागवान आहे, काही होत नाही’

पहिली गोष्ट, सगळ्या चेस्ट सागवानी नसतात. महोगनी भरपूर, कापराच्या लाकडाच्या चिनी बनावटीच्याही बऱ्याच, शिवाय देवदार, अक्रोड, ओक. काहींवर तर नुसतं व्हिनिअर, म्हणजे भारी लाकडाचा पातळ पापुद्रा असतो.

दुसरी गोष्ट, सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही हे खरं, पण पाठीची फळी आणि खणांचे तळ अनेकदा हलक्या लाकडाचे असतात. कीड तिथून शिरते. खण काढून आतल्या कोपऱ्यात बॅटरी मारा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं जुनी असतील तर चिंता नाही. खाली ताजं, फिकट पीठ पडलेलं दिसलं तर ती वस्तू उपचार झाल्याशिवाय घरात आणू नका. घरच्या बाकी लाकडालाही ती बाधते.

कापराच्या लाकडाचा वास कसरीला दूर ठेवतो, पण तो कालांतराने मंदावतो. त्याच्या भरवशावर लोकरी कपडे न धुता कोंबले तर कसर लागायची ती लागेलच.

‘घासून लखलखीत करा’

कृपा करून करू नका. पितळ घासायचं पॉलिश कडेच्या फटीत जाऊन पांढरं साचतं, आजूबाजूचं लाकूड काळवंडवतं, आणि कोरलेलं नाव दरवेळी थोडं पुसतं. जुन्या लाकडावर बहुधा लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं, त्याला थिनर किंवा स्पिरिटचा बोळा लागला की ते विरघळून हातात येतं. कोरडं मऊ फडकं आणि क्वचित मेण एवढं पुरतं. खण अडकत असेल तर त्याच्या तळाच्या कडांना मेणबत्ती घासा. पॉलिशमन बोलावून पीयू (पॉलियुरेथेन) कोट मारलात, की जुनी वस्तू नव्याच्या भावात आणून ठेवलीत.

‘किंमत वाढतच जाणार’

जुन्या तपकिरी, म्हणजे गडद लाकडाच्या फर्निचरचे भाव या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटनमध्ये चांगलेच उतरले. कॅम्पेन चेस्ट त्यात बऱ्या टिकल्या, विशेषतः लहान आकाराच्या आणि ज्यांचा एक खण पुढे उघडून लिहायची फळी होते त्या. पण ‘वाढतच जाणार’ याला आधार नाही.

भारतात असलेल्या चेस्टबाबत तर लंडनच्या लिलावाचे आकडे दाखवणं ही धूळफेकच. १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. जिथे वस्तू जाऊच शकत नाही तिथला भाव तिला कसा लावणार?

जे मजकुरात नाही

राहायच्या घरासाठी या चेस्टचा खरा फायदा वेगळाच आहे. ती दोन भागांत निघते, त्यामुळे अरुंद जिन्यावरून, छोट्या लिफ्टमधून सहज जाते. रुंदी साधारण तीन-सव्वातीन फूट, खोली दीड फुटाच्या आसपास. मुठी बाहेर येत नसल्याने चिंचोळ्या जागेत गुडघा आपटत नाही.

त्याच मुठींचा त्रासही आहे. बुडीत मुठीत चारही बोटं नीट मावत नाहीत आणि खालचा खोल खण पुस्तकांनी भरलात तर तो ओढताना बोटं दुखतात. तिथे हलके कपडे, चादरी ठेवाव्यात. घ्यायच्या आधी प्रत्येक खणात थोडं वजन ठेवून उघडबंद करून बघा, आणि किल्ली एकच असेल तर ती सगळ्या कुलपांना चालते का, तेही तिथेच उभं राहून पाहून घ्या.